पाठीवरचा नऊ नंबर

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझा पुतण्या वरच्या मजल्यावरून धाडधाड जिना उतरत खाली आला, हातात लिव्हरपूलचा लाल शर्ट, आणि थेट विचारलं, "काका, इस्त्री किती गरम ठेवली की पाठीवरचं नाव निघतंय?" ६६ नंबर. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने त्या दिवशी जाहीर केलं होतं की सीझन संपला की मी क्लब सोडणार, आणि कुठं चाललाय ते न सांगताही सगळ्यांना माहीत होतं, रियल माद्रिद. सहाव्या वर्षापासून त्याच क्लबात वाढलेला पोरगा. आमचं पोरगं सोळा वर्षांचं, मिसरूड नुकतं फुटलंय, डोळे लाल. मला खरंतर हसू यायला पाहिजे होतं पण आलं नाही, कारण आमच्या अख्ख्या खानदानात इस्त्रीने फुटबॉलरचं नाव काढायचा अनुभव असलेला मी एकटाच, आणि तो शर्ट अजून माळ्यावरच्या पेटीत आहे.

"आधी बस खाली," म्हटलं. तो बसला नाही, पण मी सांगत सुटलो, आणि सुटलोच आहे तर आता नीट लिहूनच काढतो.

आम्ही कोल्हापूरचे, पेठेतलं घर, पप्पांचा जीव तालमीच्या टीमवर. शाहू स्टेडियमवर आपली मॅच असली की दुकानाचं शटर दुपारीच खाली. वर्ल्डकप आला की निम्मी गल्ली ब्राझील, निम्मी अर्जेंटिना, चौकात ही एवढाली पोस्टरं. त्यामुळं फुटबॉल बघतो म्हणून मला घरात कधी कुणी बोललं नाही, फक्त इंग्लंडमधल्या कुठल्यातरी क्लबापायी रात्र जागायची हे काय पप्पांना पटायचं नाही. "तिथं तुला वळखतंय कोण?" हा त्यांचा कायमचा प्रश्न आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. २००५ साली दहावीची परीक्षा देऊन रिकामा बसलो होतो, तेव्हा लिव्हरपूलची चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल बघितली, हाफटाइमला ०-३ आणि शेवटी पेनल्टीवर कप आपला, त्या रात्रीनंतर सुटका नाही.

पण खरं वेड लागलं २००७ च्या उन्हाळ्यानंतर, फर्नांडो टोरेस आला तेव्हा. अ‍ॅटलेटिको माद्रिदचा पोरगा, लहान वयात तिथला कॅप्टन झालेला. एक गोष्ट तेव्हा सगळे लिव्हरपूलवाले एकमेकांना सांगायचे, की अ‍ॅटलेटिकोत असतानाच एका मॅचमध्ये त्याच्या दंडावरचा कॅप्टनचा पट्टा निसटला आणि आतल्या बाजूला आपल्या क्लबचं ब्रीदवाक्य लिहिलेलं दिसलं. झालं, आम्हाला तेवढंच पुरे होतं. म्हणजे हा आधीपासून आपलाच होता, फक्त यायला उशीर झाला असं आम्ही ठरवून टाकलं. आता विचार केला तर एका पट्ट्यावर किती मोठा इमला बांधला होता आम्ही!

अ‍ॅनफिल्डवरचा, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावरचा, पहिला लीग गोल चेल्सीविरुद्धच, ऑगस्ट २००७. आमचा कॅप्टन जेरार्डचा पास, डावीकडून आत येताना चेल्सीच्या डिफेंडरला, बेन हाईमला, नुसतं खांद्याने हुलकावणी देऊन पुढं काढला आणि लांबच्या कोपऱ्यात ठेवला. त्या पहिल्या सीझनला सगळ्या स्पर्धा धरून ३३ गोल, त्यातले २४ लीगमध्ये. पुढच्या उन्हाळ्यात युरो फायनलला जर्मनीविरुद्ध एकमेव गोल त्याचा. मार्च २००९ मध्ये पाच दिवसांत रियल माद्रिदला ४-० आणि ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानात ४-१. ओल्ड ट्रॅफर्डचा तो गोल मी आजसुद्धा डोळे मिटून बघू शकतो. लांबून बॉल आला, युनायटेडचा डिफेंडर विडिच, त्याला वाटलं टप्पा पडू दे, पडू दे म्हणता म्हणता टोरेस त्याच्या काखेतून बॉल घेऊन गेला. गोल केल्यावर पाच बोटं दाखवली, लिव्हरपूलचे पाच युरोपियन कप म्हणून. आमच्याकडं शनिवारची संध्याकाळ होती, खालच्या चौकातले युनायटेडवाले दोन दिवस कट्ट्यावर फिरकले नाहीत.

माझा शर्ट त्याच महिन्यात आला. पुण्याहून एका मित्राने कॅम्पातनं कॉपी आणली, कार्ल्सबर्ग लिहिलेली, पण पाठ कोरी. मग आपल्याकडं तालमींचे शर्ट छापणारा एक दुकानदार होता त्याच्याकडून पांढरी रबराची अक्षरं चिकटवून घेतली. कागदावर स्पेलिंग लिहून दिलं होतं, तरी गड्याने एक आर आणि दोन एस लावून ठेवले. सांगितलं तर म्हणतो, "अक्षरं तितकीच हायत की!" आणि खरंच तितकीच होती. सहा. पैसे परत मागायला तोंडच उरलं नाही. पुढची दोन वर्षं मी तोच घालून प्रत्येक मॅच बघितली, मळला तरी मॅचच्या दिवशी धुवायला टाकायचा नाही असा नियम होता. आई लांबूनच उचलायची.

२००८-०९ ला ८६ पॉइंट, अख्ख्या लीगमध्ये फक्त दोन हार, तरी दुसरा नंबर. तिथून उतार. त्या उन्हाळ्यात शाबी अलोन्सो रियलला विकला, पुढच्या उन्हाळ्यात मॅशेरानो बार्सिलोनाला. क्लबचे मालक दोन अमेरिकन, हिक्स आणि जिलेट, क्लब घेतला तोच कर्ज काढून आणि हप्ते क्लबच्या गळ्यात. मॅनेजर बेनिटेझ गेला, रॉय हॉजसन आला. सप्टेंबर २०१० मध्ये चौथ्या डिव्हिजनच्या नॉर्थहॅम्प्टनने आम्हाला अ‍ॅनफिल्डवर येऊन कपातून बाहेर काढलं. ऑक्टोबरात टीम रेलिगेशन झोनमध्ये, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं जायच्या जागी. त्याच महिन्यात कोर्टकचेऱ्या होऊन क्लब ३० कोटी पौंडांना नव्या मालकांकडं गेला आणि आम्हाला वाटलं सुटलो.

टोरेस या सगळ्यात मैदानावर असायचा, पण नसल्यासारखा. गुडघ्याचं ऑपरेशन, त्यावरच वर्ल्डकप, मग परत दुखापत. पण मी कुणाचं ऐकून घेत नव्हतो. नोव्हेंबरात चेल्सीविरुद्ध दोन गोल मारले तेव्हा छाती फुगवून फिरलो, बघा म्हटलं, माणूस आहे अजून. चेल्सीविरुद्धच, हां. जानेवारीत हॉजसनला घालवून केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं. २२ जानेवारीला वुल्व्हजच्या मैदानावर ३-०, त्यात टोरेसचे दोन. शेवटच्या मिनिटाचा गोल मारून हसला. मी म्हटलं झालं, आलं आपलं पोरगं माघारी.

सहा दिवसांनी त्याने लेखी अर्ज दिला.

हे ट्रान्सफर रिक्वेस्ट म्हणजे काय ते आमच्या पुतण्यालासुद्धा समजावून सांगावं लागलं, कारण हल्ली सगळं एजंट परस्पर बघतात. खेळाडू स्वतः क्लबला लिहून देतो की मला जायचंय, सोडा. शुक्रवारची रात्र होती, बहुतेक साडेअकरा-बारा, बातमी अशी की चेल्सीची बोली क्लबने नाकारली म्हणून टोरेसने अर्ज दिला आणि क्लबने तो अर्जही नाकारला. मी पहिल्यांदा फक्त दुसरा अर्धा भाग वाचला. नाकारला ना, मग विषय संपला! झोपायला गेलो, दिवा बंद केला, आणि मग पहिला अर्धा भाग डोक्यात शिरला. त्याने मागितलं. क्लब विकत नव्हता, नवे मालक विकत नव्हते, डॅलग्लिश विकत नव्हता, याने स्वतः बसून कागदावर लिहून दिलं.

अलोन्सो गेला तेव्हा मला शिव्या घालायला बेनिटेझ होता, मॅशेरानोच्या वेळी मालक होते. या वेळी कुणीच नव्हतं. राग काढायला माणूस लागतो हो, आणि तो एकच माणूस होता, ज्याचं नाव चुकीच्या स्पेलिंगसकट माझ्या पाठीवर होतं.

शनिवार-रविवार कसा गेला ते धड आठवत नाही. मंगळवारी कॉलेजात प्रॅक्टिकलची सबमिशन होती, फाईल अर्धी राहिलेली, मी अर्ध्या तासाला एकदा फोनवर ऑपेरा मिनी उघडून बघायचो. सोमवार ३१ जानेवारी, ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, बंद व्हायचा दिवस. इंग्लंडमध्ये रात्री ११ ची डेडलाइन म्हणजे आपल्याकडं पहाटेचे साडेचार. आमच्या लँडलाइनवरच्या ब्रॉडबँडला रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असायचं, बाकी वेळी मोजून मापून, त्यामुळं २ वाजायची वाट बघत बसलो. टीव्हीचा आवाज बंद, अंगावर चादर, मांडीवर प्रॅक्टिकलची फाईल म्हणजे पप्पा उठले तर अभ्यास चाललाय असं वाटावं.

२ नंतर जो खेळ बघितला तो मॅचपेक्षा वाईट. टोरेस लंडनमध्ये मेडिकलला पोहोचलाय. सुआरेझ आयॅक्सहून आलाय, जवळजवळ २ कोटी ३० लाख पौंड. न्यूकॅसलचा अँडी कॅरोल हेलिकॉप्टरमधून निघालाय. हेलिकॉप्टर! आमच्याकडं तालमीचा प्लेअर दुसऱ्या पेठेत गेला तर फार तर कुणाच्यातरी बुलेटवर मागं बसून जातो. मी एका डोळ्याने टोरेसची बातमी बघत होतो आणि एका डोळ्याने कॅरोलची, आणि लाज वाटते सांगायला, पण ३ च्या पुढं कधीतरी मी मनातल्या मनात नवीन जोडी लावायला सुरुवात केली होती, सुआरेझ खाली, कॅरोल वर. घरात माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि आपण खोली कुणाला द्यायची ते ठरवतोय.

साडेचारच्या सुमारास पक्कं झालं. ५ कोटी पौंड, तेव्हाच्या भावाने साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर. ब्रिटनमधला रेकॉर्ड. कॅरोल ३ कोटी ५० लाख. नंतर क्लबच्या मालकानेच सांगितलं की ही किंमत कशी ठरली, तर न्यूकॅसल कॅरोलचे जितके मागेल त्यावर दीड कोटी चढवून टोरेसची किंमत. म्हणजे माझा माणूस किती मोलाचा याचा हिशोब तिसऱ्याच माणसाच्या भावावर चालला होता. हे वाचलं तेव्हा मी हसलो, पण त्या पहाटे माहीत असतं तर टीव्ही फोडला असता.

पप्पा पाचला उठतात. चूळ भरून बाहेर आले, माझ्याकडं बघितलं. "काय झालं रं?"

"टोरेस गेला."

"कुठं?"

"चेल्सीला."

ते थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं आता नेहमीचं सुनावतील. तर म्हणाले, "त्याचं त्यानं मागितलं का ह्यांनी काढला?"

बघा, चाळीस वर्षं शाहू स्टेडियमवर घालवलेला माणूस, इंग्लिश लीगचा एक क्लब धड माहीत नाही, पण प्रश्न बरोबर तोच विचारला. मी म्हटलं त्यानंच मागितलं. "मग जड जातंय," एवढंच बोलले आणि चहा टाकायला गेले. पप्पांनी केलेला चहा म्हणजे साखरेचं सरबत, पण पिलो.

त्यांचं पण एक जुनं दुखणं आहे. त्यांच्या तरुणपणी तालमीचा हुकमी फॉरवर्ड, यांचा वर्गमित्र, एका वर्षी नोंदणीच्या वेळी दुसऱ्या तालमीकडं सही करून आला. कुणाला सांगितलं नाही. पप्पा त्याच्याशी किती वर्षं बोलले नाहीत माहितीय? अकरा. मग कुणाच्यातरी लग्नाच्या पंगतीत दोघं शेजारी आले, आणि ताट वाढेपर्यंत थांबायची पण कळ नाही, पहिला प्रश्न, "त्या साली का गेलास?" तो म्हणाला, "त्यांनी नोकरी लावतो म्हटलं, आणि लावली पण." पप्पा म्हणतात, मी पुढं काय बोलणार? मी जिलेबी पुढं केली.

त्या दिवशी मात्र मी जिलेबी पुढं करण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. टीव्हीवर लिव्हरपूलमध्ये लोक नऊ नंबरचे शर्ट जाळताना दाखवत होते. मला जाळवेना, एकतर पैसे घालून आणलेला आणि दुसरं म्हणजे गॅलरीत शर्ट जाळला तर शेजारचे आजोबा आग आग म्हणून गल्ली गोळा करणार. म्हणून फक्त नाव काढायचं ठरवलं. नऊ राहू दे, कारण नऊ आता कॅरोलला दिला होता, अर्धा शर्ट वाचत होता. पोटाची हिशोबी वृत्ती दुःखातसुद्धा जात नाही.

तर इस्त्री. आई भाजीला गेली ते बघून मी शर्ट उलटा न करता, वर कापड न टाकता, फुल्ल गरम इस्त्री सरळ पहिल्या अक्षरावर ठेवली. चर्र झालं. उचलली तर टी अर्धा शर्टावर आणि अर्धा इस्त्रीच्या तव्यावर, पांढऱ्या चिकट साईसारखा. घाबरून चमच्याने खरवडला. मग शहाणपण सुचलं, सुती रुमाल मध्ये ठेवला, इस्त्री मंद, दहा-बारा सेकंद, आणि गरम असतानाच नखाने कड उचलून हळूहळू सोलायचं. ओ मस्त निघाला, अख्खा, वळ्यासारखा गोल गुंडाळून हातात आला. आर तुटला. ई चिवट होता, बहिणीचं नेलपॉलिश काढायचं ते लिक्विड लावून लावून घालवला. एस दोन, त्यातला एक मुळातच नको होता, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकूण पाऊण तास. नखांत पांढरा चिकटा, बोटांची टोकं भाजलेली.

नाव निघालं आणि गेलं नाही. दोन वर्षं उन्हात वाळत घातलेला शर्ट, भोवतालचा लाल रंग विटलेला, अक्षरांखालचा मात्र मूळचा गर्द लाल. त्यामुळं आता ते नाव पांढऱ्याऐवजी गडद लाल अक्षरांत जसंच्या तसं वाचता येत होतं. उलट जास्त नीट. मी शर्ट हातात धरून बघत बसलो, आणि तेव्हा, त्या पाच दिवसांत पहिल्यांदा, मला रडू आलं. २१ वर्षांचा घोडा. दुसऱ्या दिवशी पप्पांच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्रीतून उरलेला डाग उमटला त्याची बोलणी वेगळी खाल्ली.

मग सहा फेब्रुवारी. त्याची चेल्सीकडून पहिलीच मॅच, आणि कुणाविरुद्ध तर आमच्याविरुद्ध. एखाद्या सीरियलवाल्याने असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही दाखवतात! रविवार, रात्री साडेनऊ. निळ्या शर्टात नऊ नंबर बघून पोटात कसंतरीच झालं, ओळखीचं माणूस परक्याच्या लग्नात नाचताना दिसावं तसं. डॅलग्लिशने मागं तीन सेंट्रल डिफेंडर लावले. पहिल्या हाफमध्ये टोरेसला एक चान्स मिळाला, शॉट मारायला पाय उचलला आणि कॅराघर अंगावर झेपावून आडवा आला. काल-परवापर्यंत एका ड्रेसिंग रूममध्ये बसणारी माणसं. आम्ही खोलीत सहा जण होतो, गोल झाल्यासारखे ओरडलो. ६६ व्या मिनिटाला टोरेसला बाहेर काढला, ६९ व्या मिनिटाला आमच्या मेरेलेसने गोल मारला, ०-१, जिंकलो. पोरं नाचली, मी पण नाचलो. मॅच संपल्यावर कॅमेरा बाकावर गेला की मी मात्र त्याला शोधत होतो.

इथंच माझं मला कळेना झालं, आणि पुतण्याला मी जे काही सांगायला निघालो होतो ते हेच आहे. राग आला हे ठीक, राग यायलाच पाहिजे. पण मी पुढचे दोन महिने लिव्हरपूलच्या मॅचबरोबर चेल्सीच्या मॅचही बघायला लागलो. का, तर तो गोल मारत नाही ना हे बघायला. आणि तो मारत नव्हता. मॅचमागून मॅच, ९०३ मिनिटं. कट्ट्यावर कुणीतरी रोज आकडा विचारायचं, मी तोंडपाठ सांगायचो. तिकडं आमचा सुआरेझ पहिल्याच मॅचला स्टोकविरुद्ध गोल करून मोकळा झालेला, मार्चमध्ये युनायटेडला ३-१ मारलं तेव्हा तिघाचौघांना जाग्यावर गरगर फिरवून त्याने आमच्याच काइटच्या पुढ्यात बॉल आणून ठेवला. आमचं सगळं चांगलं चाललं होतं. तरी मी जुन्या भाडेकरूच्या खिडकीत डोकावत होतो.

एप्रिलमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध धो धो पाऊस, मैदानात पाणी साचलेलं, बॉल पाण्यात अडकून थांबला आणि तो थांबला म्हणून टोरेसला गिरकी घ्यायला वेळ मिळाला, ८४ वं मिनिट, गोल. चेल्सीचे सगळे प्लेअर त्याच्या अंगावर. मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला, आणि माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटलंय. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

सप्टेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर तर कमाल. एक गोल मारला, मग युनायटेडचा गोलकीपर डे हेआला चकवून पुढं गेला, समोर रिकामा गोल, आणि बाहेर मारला. जगभर हसले लोक. आमच्या खोलीत पण हशा. मी तोंड उघडलं हसायला, आणि मला त्याच मैदानावरचा विडिचवाला दिवस आठवला. तो गोलपोस्टसमोर गुडघ्यावर बसला होता, तोंड जमिनीकडं. त्या दिवसापासून मी त्याच्यावरचे जोक फॉरवर्ड करायचे बंद केले. मोठेपणा नाही काही, मजाच येईना.

आणि एप्रिल २०१२, बार्सिलोनाचं मैदान कॅम्प नोऊ, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, चेल्सी दहा जणांत, पहाटे दोनच्या आसपासची वेळ. शेवटच्या मिनिटाला टोरेस एकटा अर्ध्या मैदानातून बॉल घेऊन सुटला. पुढं फक्त गोलकीपर वाल्देस. मी कॉटवर उभा राहिलो होतो, उभा राहिलो हे मला आईने हाक मारली तेव्हा कळलं. त्याने वाल्देसला वळसा घालून बॉल आत सरकवला, अगदी २००८ मध्ये घालायचा तसा. चेल्सी फायनलला गेली, पुढं कप पण जिंकली. म्हणजे त्याने ज्यासाठी अर्ज दिला होता ते त्याला मिळालं. पण तो फॉर्म, ते खांद्याने हुलकावणी देणं, ते मात्र लिव्हरपूलमध्येच राहिलं. १४२ मॅचमध्ये ८१ गोल आमच्याकडून, तसा तो पुन्हा कधी दिसला नाही. आम्हाला पैसे मिळाले, चेल्सीला शर्ट मिळाला, आणि ज्याला मी बघायला जागायचो तो माणूस त्या पहाटे मध्येच कुठंतरी हरवला असं मला अजून वाटतं. कॅरोलचं काय झालं ते विचारू नका.

त्याच्या बाजूने बोलायचं तर आहे बोलण्यासारखं. पंचविशी ओलांडली होती, गुडघा गेलेला, अलोन्सो-मॅशेरानो विकले जाताना त्याने बघितले, खालच्या डिव्हिजनवाले घरात येऊन हरवून गेले. नोकरी लावतो म्हटलं आणि लावली पण, यात काय चुकलं. पण चेल्सीला गेल्या गेल्या तो बोलला ना, फुटबॉलमध्ये आता रोमान्स उरला नाही अशा अर्थाचं, ते मला आजही लागतं. उरला नसेल तुझ्यासाठी बाबा, आमची नखं भाजली त्याचं काय?

त्यानंतर सुआरेझ गेला, स्टर्लिंग गेला, कुटिन्यो गेला. कुटिन्योच्या वेळी तर मी ऑफिसात डबा खात बातमी वाचली आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच जाणवलं. पुढं गोलकीपर अलिसन आला, तेव्हा कुटिन्योच्या पैशाचं सोनं झालं असं मीच लोकांना पटवून देत होतो. शर्ट घेतले, पण पाठ कोरी ठेवली. मार्च २०१५ ला जेरार्डच्या चॅरिटी मॅचला टोरेस अ‍ॅनफिल्डवर परत आला, लाल शर्टात, तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी ती क्लिप मोबाईलवर बघितली, बसमध्ये, स्वारगेटला, आणि शेजारचा माणूस माझ्याकडं बघायला लागला म्हणून खिडकीकडं तोंड केलं.

हे सगळं मी पुतण्याला सांगत होतो तेव्हा तो मध्येच म्हणाला, "पण काका, तुमचा टोरेस बाहेरचा होता, ट्रेंट आपला होता." मी म्हटलं हो. यावर काय बोलणार, त्याचं खरंच होतं. त्याचं जास्त दुखणार होतं. पुढच्या रविवारी आर्सेनलविरुद्ध ट्रेंट मैदानात उतरला आणि अ‍ॅनफिल्डमधल्याच लोकांनी हुर्यो केली तेव्हा हा पोरगा ताडकन उठून आत गेला, आणि दोन मिनिटांनी दाराआडून बघत उभा होता. म्हटलं बघ, सुरू झालं याचं पण.

त्या दिवशी मी माळ्यावर चढून पेटी काढली. डांबरगोळ्यांचा वास, खाली माझी इंजिनिअरिंगची जर्नलं, त्याखाली शर्ट. झटकून त्याच्या हातात दिला, म्हटलं हे बघ, काढलं की असं होतंय, आणि तुझ्या नावात तर पंधरा अक्षरं आणि वर एक डॅश आहे, पाऊण तासात व्हायचं नाही, रविवार मोकळा ठेव. सुती रुमाल घे, इस्त्री मंद, आणि तुझ्या आईची घेऊ नको.

त्याने शर्ट उलटा धरला, खिडकीच्या उजेडात नेला. बराच वेळ बघत होता. मला वाटलं काहीतरी शिरलं डोक्यात.

"काका," तो म्हणाला, "स्पेलिंग चुकलंय की हे."